बाष्पदाबाचे दप्तर

वाफेच्या इंजिनाचा कारभार संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब उभा करण्याचा उद्योग गेली पंचवीसेक वर्षे जगात अनेक ठिकाणी चालू आहे, आणि त्यात गढलेल्या मंडळींना रूळ, डबे, सिग्नल, धूर वा शिटी यांपैकी कशानेही जितके छळले नसेल तितके दाबमापकाच्या एका लहानशा काट्याने छळले आहे. वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला म्हणजे हा काटा किती उतरावा आणि किती वेळात उतरावा, भट्टीत कोळसा पडताच तो चढू लागावा की आधी थोडा घसरून मग सावकाश वर यावा, बॉयलरात थंड पाणी घेतले तर त्याची गत काय व्हावी, हे प्रश्न वरवर पाहता निव्वळ गणिताचे वाटतात. परंतु उत्तरे शोधू लागले म्हणजे गणितापाशी थांबता येत नाही, दोनशे वर्षांच्या जुन्या दप्तरात शिरावे लागते. त्या दप्तराचा एक भाग शास्त्रज्ञांनी आणि कारखानदारांनी अतिशय निगुतीने लिहून ठेवला आहे. दुसरा भाग, आणि माझ्या मते तितकाच मोलाचा भाग, भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या हातांत होता आणि तो कोणी लिहून घेतला नाही. सिम्युलेटर रचणाऱ्यांची अडचण नेमकी या दोन भागांच्या मधल्या खिंडारात आहे.

आरंभ भीतीपासून झाला. कोंडलेली वाफ भांडे फोडते हे ज्ञान इंजिनापेक्षा जुने. देनी पापँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या शिजवण्याच्या बंद पात्राला १६८० च्या सुमारास तरफेची सुरक्षा-झडप बसवली ती याच धास्तीने. पुढे जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राला नवे रूप दिले, पण वातावरणाच्या दाबाहून फारशी अधिक दाबाची वाफ वापरण्यास तो अखेरपर्यंत नाखूश राहिला, आणि त्या काळचे बॉयलर ज्या दर्जाच्या पत्र्याचे आणि ज्या रिव्हेटांनी जोडलेले असत ते पाहता त्याच्या नाखुशीला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने मात्र उच्च दाबाचा पक्ष घेतला. १८०३ मध्ये ग्रिनिच येथे त्याचे एक यंत्र फुटून माणसे दगावली, तेव्हा वॅटच्या पक्षाने या अपघाताचा आपल्याविरुद्ध पुरेपूर उपयोग करून घेतला अशी त्याची तक्रार होती. तथापि तक्रार करून तो स्वस्थ बसला नाही. त्याने एकाऐवजी दोन सुरक्षा-झडपा आणि जास्त तापताच वितळून वाफेला वाट देणारी शिशाची बूच अशी तजवीज केली, आणि पुढल्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, वेल्समधील पेनिडॅरनच्या लोखंडी मार्गावर त्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि वर बसलेली माणसे ओढून नेली. उच्च दाबावाचून रुळावरचे इंजिन शक्य नाही, हा वाद त्या दिवशी तत्त्वतः मिटला.

पण दाब किती आहे हे इंजिनावरच्या माणसाला कसे कळावे, हा प्रश्न मिटला नव्हता. १८२९ च्या ऑक्टोबरात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांनी रेनहिल येथे इंजिनांची जी प्रसिद्ध परीक्षा घेतली तिच्या अटी आज वाचल्या म्हणजे त्या काळच्या माणसांची चिंता ओळीओळीतून दिसते. दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांहून अधिक नसावा. सुरक्षा-झडपा दोन असाव्यात आणि त्यांपैकी एक ड्रायव्हरच्या हाताला मुळीच लागू नये. ४५ पौंडांच्या वरचा दाब दाखवणारे पाऱ्याचे मापक असावे आणि ते ६० पौंडांवर उडून जावे. आणि कंपनीला वाटल्यास बॉयलर पाण्याच्या दाबाने १५० पौंडांपर्यंत तपासून घेण्याची मुभा असावी. ड्रायव्हरच्या हाताला न लागणारी झडप ही अट मनुष्यस्वभाव ओळखून घातलेली होती. दोनच वर्षांनी अमेरिकेत ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या इंजिनावरच्या फायरमनने झडपेतून सुटणाऱ्या वाफेच्या फूत्काराला कंटाळून ती झडप दाबून धरली आणि बॉयलर फुटून तो प्राणास मुकला.

रेनहिल जिंकणाऱ्या ‘रॉकेट’च्या धुराड्याशेजारी पाऱ्याची नळी उभी होती, परंतु धावत्या, हादरत्या इंजिनावर पारा स्थिर राहणे कठीण, आणि दाब वाढत गेला तशी नळीची उंचीही आवरेना. ही अडचण १८४९ मध्ये पॅरिसच्या युजेन बूर्दाँने सोडवली. एका बाजूने बंद असलेली, छेद चपटा असलेली आणि अर्धवर्तुळात वाकवलेली धातूची नळी आतला दाब वाढला की सरळ होऊ पाहते. तिच्या मोकळ्या टोकाला दांडी आणि दातेरी चाक जोडले की तबकडीवर काटा फिरतो. एवढेच ते यंत्र. पण त्यामुळे फायरमनच्या आयुष्याला एक नवा धनी मिळाला. तोवर झडपेचा आवाज आणि इंजिनाची चाल यांवरून अंदाजाने चालणारा कारभार आता काट्याच्या हुकमतीखाली आला, आणि ज्या काट्याची हालचाल सिम्युलेटरात वठवण्यासाठी आज एवढी खटपट चालते, त्याचा जन्म हा असा.

बॉयलरातला दाब कळला तरी सिलिंडरात प्रत्यक्ष काय घडते ते काटा सांगत नाही. त्याचे गुपित वॅटच्या कारखान्यात आधीच फुटले होते, पण ते बाहेर पडू दिले गेले नाही. वॅटचा साहाय्यक जॉन सदर्न याने १७९६ च्या सुमारास एक लहान नळकांडे, त्यात स्प्रिंगने धरलेला दट्ट्या आणि दट्ट्याला जोडलेली पेन्सिल अशी रचना केली; मुख्य दट्ट्याबरोबर मागेपुढे सरकणाऱ्या फळीवरच्या कागदावर ही पेन्सिल एक बंद आकृती काढी. आकृतीची उंची म्हणजे त्या क्षणीचा दाब, रुंदी म्हणजे दट्ट्याचा प्रवास, आणि आतले क्षेत्रफळ म्हणजे एका फेऱ्यात झालेले काम. बोल्टन आणि वॅट यांनी ही युक्ती व्यापारी रहस्य म्हणून पुष्कळ वर्षे दडवून ठेवली. पुढे १८६२ मध्ये रिचर्ड्सने वेगवान यंत्रांवर चालेल असा सुधारलेला इंडिकेटर आणला आणि रेल्वेच्या इंजिनांच्या आकृत्या घेण्याची रीत पसरली. त्यासाठी इंजिनाच्या पुढच्या अंगाला, सिलिंडरच्या डोक्यावर, लाकडी फळ्यांचा आडोसा बांधून त्यात माणूस बसवीत. ताशी पन्नास-साठ मैलांच्या वेगात, वारा आणि तापलेले तेल अंगावर घेत, तो दर काही मिनिटांनी पेन्सिल कागदाला टेकवी आणि कागद बदली. हे काम केलेल्या बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत, आणि सिम्युलेटरांतली सिलिंडराची सगळी समीकरणे मात्र त्यांनी आणलेल्या त्या मळक्या कागदांवर पारखलेली आहेत.

त्या आकृतीत काय दिसते हे थोडे सावकाश सांगण्याजोगे आहे. बॉयलरात २१० पौंड दाब असला तरी रेग्युलेटर, नळ्या आणि झडपांच्या अरुंद वाटा ओलांडून सिलिंडरात पोचेपर्यंत वाफ काही पौंड गमावते, आणि वेग जितका अधिक तितका हा तोटा अधिक. दट्ट्याने काही अंतर कापले की झडप वाफेचा प्रवेश तोडते, यालाच रेल्वेच्या भाषेत कट-ऑफ म्हणतात; तेथून पुढे कोंडलेली वाफ स्वतः प्रसरण पावत दट्ट्याला ढकलते आणि आकृतीची रेषा वळण घेत खाली उतरते. मग वाफेला बाहेरची वाट मिळते, तरी परतणाऱ्या दट्ट्याला तिचा उरलासुरला विरोध सोसावा लागतो, आणि अखेरीस थोडी वाफ कोपऱ्यात दाबली जाऊन उशीसारखी राहते. आंद्रे शापलाँ या फ्रेंच अभियंत्याने १९२९ मध्ये एका जुन्या इंजिनाच्या वाफेच्या वाटा रुंद आणि सुरळीत करून त्याची शक्ती विलक्षण वाढवली; त्याने आधी आकृतीतील तोटे मोजले आणि मग एकेक बुजवला.

आता बॉयलराकडे वळू. येथे सर्वांत मोठे ऋण आंरी व्हिक्तॉर रेन्यो याचे आहे. फ्रेंच सरकारच्या आश्रयाने त्याने वाफेच्या दाबाचे, तपमानाचे आणि तीत साठणाऱ्या उष्णतेचे मोजमाप अनेक वर्षे केले आणि १८४७ मध्ये ते प्रसिद्ध केले. बंद बॉयलरात पाणी आणि वाफ एकत्र असताना दाब आणि तपमान यांचे नाते अढळ असते. ५० पौंडांना पाणी सुमारे १४८ अंश सेल्सिअसवर उकळते आणि २१० पौंडांना जवळजवळ बरोबर २०० अंशांवर. म्हणून काटा दाब दाखवतो असे आपण म्हणतो तेव्हा तो खरोखर पाण्याचे तपमान दाखवीत असतो, आणि तपमान म्हणजे उष्णतेच्या जमाखर्चाची शिल्लक.

जमाखर्च म्हणण्याचे कारण असे, की बॉयलराला वाफेने भरलेली टाकी समजून गणित मांडले तर ते पहिल्याच चढावर कोसळते. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरात वाफेला मोकळी जागा दोनेक घनमीटर धरली, तर २१० पौंडांना तीत जेमतेम सोळा किलो वाफ मावते. आणि कष्टात असलेले मोठे इंजिन सेकंदाला तीन-चार किलो वाफ सहज खाते. टाकीच्या हिशेबाने इंजिन चार-पाच सेकंदांत निपचित पडले पाहिजे. ते पडत नाही, कारण खरा खजिना वाफेत नसून खालच्या पाण्यात आहे. दाब किंचित उतरला की ते तापलेले पाणी आपली अधिक झालेली उष्णता स्वतःच्याच एका अंशाला देऊन आपोआप वाफ होते. सात टन पाणी २०० अंशांवरून १९० अंशांवर आले, म्हणजे काटा २१० वरून १६७ च्या आसपास आला, तर तेवढ्यात सुमारे १६० किलो वाफ निघते. भट्टी पार विझली असे धरले तरी ही पाऊण मिनिटाची बेगमी झाली. उलट ३० अंशांचे अर्धा टन पाणी इंजेक्टरने आत घेतले, तर ते तापवण्यातच जवळजवळ तेवढीच शिल्लक खर्ची पडते आणि काटा तितकाच खाली येतो. जाणता फायरमन म्हणून चढाच्या पायथ्याशी पाणी भरपूर ठेवी, कठीण टप्प्यात इंजेक्टर बंद ठेवून शिल्लकीतून उचल करी आणि माथ्यावर पोचल्यावर ती फेडी.

खर्चाची बाजू अशी स्पष्ट होते. जमेची बाजू गुंतागुंतीची आहे. सिलिंडरातून सुटलेली वाफ धुराड्याखालच्या ब्लास्ट पाइपातून जोराने वर जाते आणि जाताना भट्टीतून हवा ओढते. त्यामुळे इंजिन जितके अधिक राबते तितकी आग अधिक प्रखर होते. मागणी आणि पुरवठा यांची ही स्वयंचलित सांगड हे वाफेच्या इंजिनाचे सर्वांत सुंदर अंग आहे, असे मला वाटते. परंतु तिलाही सीमा आहे. आग अती पेटली की अर्धवट जळालेला कोळसा ठिणग्यांच्या रूपाने धुराड्याबाहेर उडून जातो, आणि प्रत्येक वाढीव फावड्याचे उत्पन्न घटत जाते. हे प्रमाण निश्चित करण्यासाठी इंडियाना प्रांतातील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम गॉस याने १८९१ मध्ये ‘स्केनेक्टडी’ नावाचे एक सबंध इंजिन फिरत्या चाकांवर चढवून प्रयोगशाळेत धाववले. १८९४ च्या आगीत प्रयोगशाळा भस्म झाली, ती पुन्हा उभी करून काम पुढे नेले. इंग्लंडात स्विंडन येथे अभियंता चर्चवर्डने १९०४ मध्ये तसेच परीक्षागृह बांधले. त्याच साली सेंट लुइसच्या प्रदर्शनात पेनसिल्व्हेनिया रेल्वेने आपले मांडले. आणि इंग्लंडातील रग्बीचे भव्य केंद्र १९४८ मध्ये, वाफेचे दिवस भरत आले असताना, सुरू झाले. भट्टीच्या दर चौरस फूट जाळीवर तासाला किती कोळसा जळाला, पाण्याची वाफ किती झाली, धुराड्यात किती उष्णता वाया गेली, याचे तक्तेच्या तक्ते या संस्थांनी छापले.

या तक्त्यांवर सिम्युलेटरांची इमारत उभी आहे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला ट्रेन सिम्युलेटर काढला तेव्हा त्यातील वाफेचा हिशेब बराच सोपा होता. त्याच्या फायली वापरणारा, स्वयंसेवकांनी रचलेला आणि २०१५ मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीला पोचलेला ‘ओपन रेल्स’ हा प्रकल्प मात्र पाण्याचे वस्तुमान, वाफेचे घनत्व, कट-ऑफ, प्रसरण आणि परतीचा विरोध यांची क्षणाक्षणाला नोंद ठेवतो, आणि त्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीचे अभियांत्रिकी ग्रंथ पुन्हा उघडले गेले आहेत. इंजिनाच्या ओढीचे जुने सूत्र भारतीय रेल्वेच्या ‘डब्ल्यूपी’ इंजिनाला लावून पाहावे: सव्वावीस इंच व्यासाचे दोन सिलिंडर, दट्ट्याचा अठ्ठावीस इंचांचा प्रवास, सदुसष्ट इंचांची चाके आणि २१० पौंडांचा ८५ टक्के दाब, उत्तर ३०,६०० पौंडांच्या आसपास येते आणि छापील आकड्याशी जुळते.

जे जुळत नाही ते भोर घाटासारख्या ठिकाणी दिसते. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्याला गाडी गेली तो मार्ग सपाटीचा होता. दाबाची खरी कसोटी १८६३ मध्ये खुल्या झालेल्या घाटात लागली. सुमारे पंधरा मैलांत १८३१ फूट चढायचे आणि जागोजागी चढण सदतिसास एक. कर्जतला मदतीचे इंजिन जोडले जाई, आणि तेथून लोणावळ्यापर्यंत भट्टीपुढच्या माणसाची पाठ सरळ होत नसे. अशा चढणीवर पाणीही खोटे बोलते. बॉयलर आणि भट्टी मिळून पाण्याचा पृष्ठभाग अठरा फूट लांब धरला, तर पुढचे टोक आणि मागचे टोक यांत सुमारे सहा इंचांचा फरक पडतो. इंजिनाचे तोंड चढाकडे असेल तर पाणी मागे, भट्टीकडे, साचते आणि काचनळी भरल्यासारखी दिसते. माथा ओलांडून इंजिन सपाटीला आले की तेच पाणी पुढे धावते, नळी झरझर उतरते, आणि भट्टीचे छप्पर उघडे पडण्याचा धोका उभा राहतो. छप्पर उघडे पडले तर ट्रेव्हिथिकची ती शिशाची बूच वितळते, आणि बूच वितळू देणे हा आगवाल्याच्या नोकरीतला मोठा कलंक समजला जाई.

घाटातला वाफेचा अंमल फार काळ टिकला नाही. विजेच्या तारा पुण्यापर्यंत आल्या आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी विजेवर धावू लागली. पण देशाच्या इतर भागांत वाफेची इंजिने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत राबली. आपला कोळसा राखेने भरलेला, म्हणून १९२० नंतरच्या प्रमाणित इंजिनांना आणि पुढे १९४७ च्या डब्ल्यूपीला भट्टी रुंद दिलेली. डब्ल्यूपीच्या सेहेचाळीस चौरस फुटांच्या जाळीवर आग पसरण्यासाठी ड्रायव्हरच्या जोडीला दोन फायरमन असत. एकजण फावड्याने कोळसा टाकी, दुसरा टेंडरातले ढेकूळ फोडून पुढे ओढी. कोळसा कोठे टाकायचा, मागच्या कोपऱ्यांत जाड थर का ठेवायचा, दार किती पळे उघडे ठेवले तर थंड हवेने काटा पडू लागतो, धुराड्यातला धूर करडा झाला म्हणजे पुढचे फावडे टाकायचे की अजून थांबायचे, राखेचे खडे जाळीत बसले आहेत हे आगीच्या कोणत्या रंगावरून ओळखायचे, हे सर्व क्लीनर म्हणून शेडमध्ये दाखल झालेला मुलगा वर्षानुवर्षे बघून शिके. गॉसच्या तक्त्यांत यातले काही नाही. तेथे कसबी माणसाने एकसारखी राखलेली आग गृहीत धरलेली आहे.

सिम्युलेटरात या माणसाच्या जागी एक अदृश्य, आपोआप चालणारा फायरमन असतो. काटा उतरला की तो कोळसा टाकतो, चढला की थांबतो. म्हणजे घडून गेल्यावर धावतो. घाटातला आगवाला पुढचे वळण पाठ असल्यामुळे काटा उतरण्याच्या आधी काही मिनिटे आग तयार करी. ताज्या कोळशाने आग प्रथम मंदावते आणि मग भडकते, हा विलंब एखाद्या सरासरी गुणांकात कोंबलेला असतो. त्या गुणांकाला बारीक कोळसा आणि ढेकळे, ओला कोळसा आणि कोरडा, सहा इंचांचा थर आणि बारा इंचांचा, यांत भेद करता येत नाही. रचणाऱ्यांचा हा आळस नाही, त्यांच्यापाशी त्याबद्दलचा लेखी आधार नाही.

आधार देऊ शकणारी माणसे मात्र आहेत. १९७० च्या दशकात शेडमध्ये क्लीनर म्हणून लागलेले, डब्ल्यूजी आणि डब्ल्यूपीवर फायरमन झालेले आणि डिझेल वा विजेच्या इंजिनांवरून निवृत्त झालेले लोक आज सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. त्यांना विचारायचे ते नेमके विचारावे: अमुक चढापूर्वी किती अंतरावर फावडे हाती घेत होता, एका फेरीत किती फावडी आणि कोणत्या क्रमाने, इंजेक्टर कोणत्या मैलाच्या दगडापाशी बंद करीत होता, कोळसा ओला असला तर काय बदलत होता, काटा किती खाली आला म्हणजे ड्रायव्हर तोंड उघडत असे. उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत, शेडशेडगणिक निराळी येतील. ती तशीच, त्या शेडच्या, इंजिनाच्या आणि कोळशाच्या नावानिशी, गॉसच्या तक्त्यांशेजारी लावून ठेवावीत.